फाट्याची झील

तापलेल्या रबराचा वास तुम्हाला आवडतो का? लगेच नाक मुरडू नका. मोगरा, केवडा, ओली माती हे सगळे सुगंध लिहिणाऱ्या मंडळींनी आपसात केव्हाच वाटून घेतले आहेत. माझ्या वाट्याला आळेफाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानातला वास आला आणि मी तो आनंदाने पत्करला. सकाळची दहाची वेळ. नाशिककडे तोंड करून उभे असलेले ट्रक, नगरकडे निघालेली एसटी, हॉटेलातल्या तळणीचा खमंग धूर, कांद्याच्या गोण्यांचा उग्र दर्प, आणि या साऱ्या कोलाहलाच्या मधोमध काळसर पाण्याने भरलेलं एक शांत घमेलं! त्या पाण्यात किसनतात्या ट्यूब बुडवायचे आणि हलक्या हाताने फिरवत राहायचे. इतका वेळ मुक्या असलेल्या रबरातून एका जागी अचानक बुडबुड्यांची नाजूक माळ वर यायची. "घावलं!" तात्या म्हणायचे, आणि एखाद्या बाळाच्या गालाला तीट लावावी तशी तिथे खडूने खूण करायचे.

किसनतात्या म्हणजे साधा पंक्चरवाला नव्हे. त्यांची तीस वर्षं नारायणगावच्या एका तमाशाच्या फडात गेली होती. नायक म्हणून नाही, सोंगाड्या म्हणून नाही, तर झीलकरी म्हणून. मुख्य गाणारणीच्या पाठीमागे एक हात कानावर ठेवून उभे राहायचे आणि तिच्या ओळीचं शेपूट उचलून वरच्या सुरात धरून ठेवायचे. फड सुटला, पण शेपूट उचलण्याची सवय काही सुटली नाही. समोरच्याने कोणतंही वाक्य संपवलं, की तात्यांच्या तोंडून त्याचं टोक सुरात बाहेर पडायचं. "तात्या, मागचं चाक बघा." "चाक बघा जी, जी रं जी!" एकदा पंजाबकडचा एक ट्रकवाला अर्धा तास हे ऐकत बसला आणि शेवटी काकुळतीला येऊन मला म्हणाला, "भाईसाब, ये आदमी गाता क्यों है?" मी तरी काय सांगणार? काही माणसं बोलण्यासाठी जन्माला येतात, काही ऐकण्यासाठी. हा गृहस्थ दुसऱ्याचं बोलणं खाली पडू नये म्हणून जन्माला आला होता.

मी स्वतः पहिल्या प्रकारातला, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. फाट्याजवळच्या आळे गावच्या हायस्कुलात मराठी शिकवायचो. पण माझा खरा विषय माइक. बारसं असो, सत्कार असो, बैलांचं प्रदर्शन असो, सूत्रसंचालन माझं. नव्वदीचं दशक सरत आलेलं असताना एके दिवशी गावाबाहेरच्या मुलींच्या बालगृहातून बोलावणं आलं. तिथल्या अधीक्षिकांना मुली 'मोठ्या बाई' म्हणत. वर्षभर दर शनिवारी मुलींसाठी कलावर्ग चालवायचा आणि शेवटी संमेलनात काहीतरी बसवून दाखवायचं, अशी योजना होती. मी मान अशी डोलावली, जणू या मुलींचा उद्धार माझ्याच शालीच्या पदराला बांधलेला आहे! परोपकाराचा पहिला झटका माणसाला किती हास्यास्पद करतो, नाही?

पहिल्याच शनिवारी मी घोडचूक केली. आपल्याकडे अनोळखी पोर दिसलं की आपण काय विचारतो? नाव नंतर. आधी विचारतो, "कोणाची गं तू?" या प्रश्नात वाईट काही नसतं. पोरीच्या बापाचं नाव कळलं की चुलता कळतो, चुलता कळला की बांध कळतो, आणि दोन मिनिटांत ती आपल्याच कोणाच्या तरी मावसबहिणीची नणंद निघते. तीच ती जन्माची सवय माझ्या जिभेवर आली. मी पुढच्या रांगेतल्या मुलीला लाडाने विचारलं, "कोणाची गं तू?" ती फ्रॉकच्या काठाचा दोरा उसवायला लागली. मग मागून, खिडकीत बसलेल्या थोराड मुलीचा आवाज आला, "सर, प्रश्न चुकला. 'कोणाची' नाही, 'कितवी' विचारा. ती सव्विसावी. मी चौदावी." प्रत्येकीच्या पत्र्याच्या पेटीवर पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला होता, तो त्यांचा पत्ता. सगळ्या खिदळल्या. मीही हसलो, पण आपल्या हसण्याचा आवाज आपल्यालाच परका वाटावा, तसं झालं.

ही चौदावी म्हणजे रेखा. साधारण चार वर्षांची असताना ती आळेफाट्याच्या एसटी स्टँडवर सापडली होती. "बस इथं, आलेच," असं सांगून आई गेली, एवढंच तिला आठवत होतं. आता ती बारावीत होती आणि येत्या मे महिन्यात तिला अठरा पूर्ण होणार होती. अठरा पूर्ण झाली, की बालगृहाच्या पटावरून नाव कमी होतं. कायदा आहे, आणि कायद्याला मे महिन्यातलं ऊन लागत नाही. तिची पुण्यातल्या एका वसतिगृहात सोय लागणार होती. पण जाण्याआधी तिची एकच मागणी होती, आणि ती तिने मला दुसऱ्याच शनिवारी सरळ सांगितली. "सर, मला एकदा माइकवर, सगळ्या गावासमोर सांगायचंय मी कुठली ते. कोणी हळहळायला नको. बास." मागणी म्हणायला केवढीशी! पण विचार करा, आपल्यापैकी कितीजणांना ही गोष्ट मागावी लागली?

शिवाय या मुलींचं दुसरंही एक गाऱ्हाणं होतं, आणि ते ऐकून माझ्यातला नाट्यशिक्षक जागीच वितळला. "दर वर्षी आम्हाला रडायचंच काम देतात," दहा वर्षांची छबी म्हणाली. छबी म्हणजे एक दात पडलेली, उरलेल्या दातांनी जग चावायला निघालेली पोर. "आईवरची कविता म्हणायची. पाहुणे डोळे पुसणार, मग केळी वाटणार. केळी खाऊन खाऊन कंटाळा आलाय राव!" आदल्या वर्षी कोणी चित्रकलेचे सर येऊन 'माझे घर' हा विषय देऊन गेले होते. बाकीच्या मुलींनी दोन डोंगर, मधे सूर्य आणि खाली कौलारू झोपडी काढली. महाराष्ट्रातलं प्रत्येक मूल हेच काढतं, मग ते त्या झोपडीत राहत असो वा नसो! छबीने भिंतीला लावलेल्या बत्तीस पेट्या काढल्या. प्रत्येक पेटीला आकडा, आणि दर आकड्याला डोळे. बक्षीस झोपडीला मिळालं.

तेव्हा ठरलं, की यंदा हसवायचं. आणि हसवायचं तर आमच्या मुलखात कोणता घाट आहे? अहो, नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्या इथून हाकेच्या अंतरावर! तमाशातली बतावणी बसवायची, म्हणजे दोघींनी एकमेकींना कोपरखळ्या मारत केलेला विनोदी सवालजवाब. मोठ्या बाईंच्या कपाळावर आठ्या उमटल्या. "सर, आमच्या पोरींना तमाशा शिकवणार? उद्या यांची स्थळं बघायची आहेत मला. बालगृहातली म्हणून एक बोट आधीच रोखलेलं असतं." बाई कठोर नव्हत्या. बत्तीस मुलींच्या अब्रूची राखण एकटीने करणाऱ्या माणसाला सावध राहावंच लागतं. मी आपला ठेवणीतला शब्द काढला. "तमाशा नाही हो बाई, लोकनाट्य!" एका शब्दाने आठ्या निम्म्या उतरल्या. तोच देव शेंदूर लावला की जागृत होतो, हे आम्ही माइकवाले चांगलं ओळखून असतो.

आणि मग मी तात्यांना घेऊन गेलो. पांढरा स्वच्छ सदरा, नखांत मात्र जन्माची काळी रेघ. बत्तीस मुलींना पाहून हा तीस वर्षं हजारोंच्या पुढे उभा राहिलेला माणूस चक्क बावरला. "नमस्कार करा गं," मोठ्या बाई म्हणाल्या. "करा गं जी, जी रं जी!" तात्यांच्या तोंडून निसटलं. मुली अशा हसल्या, की वर्ग तिथेच सुरू झाला.

तात्यांनी कानावर हात कसा ठेवायचा ते दाखवलं, दम पोटातून कसा काढायचा ते दाखवलं. मग म्हणाले, "म्होरली बाई गाती. गाता गाता तिचा दम सरतो. आता ती थांबली तं गानं पडलं. म्हनून मागचा तिचा शबुद उचलतो आन् धरून ठिवतो. तवर म्होरलीला श्वास घेता येतो. हीच झील. ऐकनाराला वाटतं, बाई किती लांब गाती! बाई लांब गात न्हाई पोरींनो, तिच्या मागं आमी असतो." रेखाने खिडकीतूनच विचारलं, "आणि मागं कोणीच नसलं तर?" तात्या सहज बोलून गेले, "मागं कुनी न्हाई तं गायाचं कसं? मागं कुनीतरी लागतंच."

मुलींचे कानावरचे हात खाली आले. 'तिच्या मागं कोणी नाही' हे वाक्य त्या खोलीतल्या प्रत्येकीने आपल्याविषयी ऐकलेलं होतं. शाळेत, दवाखान्यात, रजिस्टर उघडणाऱ्या प्रत्येक टेबलाशी. तात्यांना आपण काय बोललो हे उमजलं. ते कानाची पाळी चोळत राहिले. पण गंमत पुढेच आहे! मी विचारलं, झील कोण धरणार? एकतीस हात वर. आणि पुढे उभी कोण राहणार? एकही नाही! माझ्या शाळेत नाटक बसवताना राजा व्हायला वीस उमेदवार असायचे आणि मागे भालदार व्हायला रडारड. इथे मात्र सगळ्यांना मागे उभं राहायचं होतं. रात्री एखादी हुंदका देऊ लागली की शेजारचीने तिला आपल्या पांघरुणात ओढून घ्यायचं, एकीची इस्त्री बिघडली की दुसरीने तव्याने युनिफॉर्म शेकून द्यायचा. झील या शब्दाचा अर्थ आम्ही त्यांना शिकवत होतो खरा; पण झील त्यांची आधीपासूनच पाठ होती. हात वर न केलेली बत्तिसावी होती रेखा. ती खिडकीतून उतरली, म्हणाली, "मी पुढं राहीन."

बतावणी मुलींनीच रचली. छबी सोंगाडी, रेखा नायकीण. छबी विचारणार, "बाई बाई, तुमचं गाव कोणतं?" रेखा म्हणणार, "आळेफाटा." "अहो, फाटा काय गाव असतंय होय? फाट्याला लोक गाडी बदलत्यात!" त्यावर रेखाने आपल्या हाताने लिहिलेलं उत्तर होतं, "आमच्या आईनं पण बदलली. आम्हाला मात्र फाटा दिला, आणि तोसुद्धा आळेफाटा!"

मी ते वाचलं आणि आधी मोठ्याने हसलो, मग तीच ओळ पुन्हा वाचली. तेरा-चौदा वर्षांचं दुःख त्या पोरीने एका कोटीत असं घडी घालून ठेवलं होतं, की ते खिशातही मावावं! पण मोठ्या बाईंनी वही बंद केली. "हे नको. गाव हसेल. आणि नाही हसलं तर त्याहून वाईट." आणि मी, मोठा नाट्यप्रेमी मी, काय केलं? मी ती ओळ खोडली. तिच्याऐवजी लिहिलं, 'आम्ही साऱ्या जगाच्या लेकी!' टाळीचं वाक्य. रेखाने ते वाचलं. "छान आहे," ती म्हणाली. ज्या सुरात आपण वाढलेली नावडती भाजी छान आहे म्हणतो, अगदी त्याच सुरात. घरी येताना मी दुकानाशी थांबलो आणि तात्यांपुढे कबुली दिली. त्यांनी पाण्यातली ट्यूब बाहेरही काढली नाही. म्हणाले, "सर, जिथनं हवा जाती तिथंच ठिगळ लावाया लागतं. तुमी भोक सोडून चांगल्या जागंवर लावलं."

संमेलन रविवारी दुपारी चारला, बालगृहाच्या अंगणात. सतरंजीवर अर्धं आळं बसलेलं. मागे भिंतीला टेकून फाट्यावरचे चार-पाच ड्रायव्हर. तात्यांनी त्यांना मुद्दाम आणलं होतं. मोठ्या बाई पहिल्या खुर्चीत, हातात रुमालाची गोळी. तात्या स्वतः पडद्याआड थांबले नाहीत. "मी मधी आलो तं तमाशा व्हईल," म्हणून ड्रायव्हरांत जाऊन बसले.

सुरुवातीचा गणपतीचा गण झाला, छबीने आपल्या पडक्या दाताच्या फटीतून शीळ घालून हशा वसूल केला. मग प्रश्न आला. "बाई बाई, तुमचं गाव कोणतं?" रेखा पुढे आली. माइकची उंची मीच लावलेली, तरी तिने ती पुन्हा लावली. "आळेफाटा." "फाटा काय गाव असतंय होय? फाट्याला लोक गाडी बदलत्यात!" आता माझं वाक्य. साऱ्या जगाच्या लेकी. मी विंगेत ओठ हलवून तिला ते देत होतो. तिने माझ्याकडे पाहिलं, मग लोकांकडे. "मी..." ती म्हणाली, "मी फाट्याची..." आणि दम सरला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मागच्या तीस जणी कानावर हात ठेवून खिळून उभ्या. कारण हे वाक्य तालमीतलं नव्हतं, आणि त्याची झील कोणाला माहीत नव्हती. मोठ्या बाई अर्ध्या उठल्या. त्या दोन क्षणांत माझ्या मनात काय काय होऊन गेलं! ही पोर इथे कोसळली, तर मे महिन्यात तेच ओझं घेऊन फाटकाबाहेर पडेल, आणि ते ओझं माझ्या खोडलेल्या ओळीचं असेल.

आणि मागच्या भिंतीकडून, सवयीने, निव्वळ तीस वर्षांच्या नादान सवयीने, एक रापलेला आवाज चढला. "फाट्याचीऽऽ जी, जी रं जी!" छबीसकट एकतीस गळ्यांनी तो वरच्यावर उचलला. "फाट्याची जी, जी रं जी!" तो सूर इतका लांब टिकला, की रेखाला एक नाही, चांगले तीन श्वास घेता आले. झील थांबली तेव्हा ती ताठ उभी होती. "फाट्याला लोक गाडी बदलतात, खरं आहे. आमच्या आईनं पण बदलली. आम्हाला मात्र फाटा दिला, आणि तोसुद्धा आळेफाटा!"

हसावं की नाही? अख्ख्या अंगणाला प्रश्न पडला. आधी एक ड्रायव्हर फस्सकन हसला. मग दुसरा. आणि मग पुढच्या रांगेतून सोनाबाई उठल्या. कांद्याची चार एकर स्वतः पिकवणारी, सरपंचालाही अरेतुरे करणारी ही बाई. पदर कमरेला खोचून म्हणाल्या, "आगं ए पोरी! फाट्याची फाट्याची काय लावलंय? फाटा कोनाचा? आमच्या आळ्याचा! आमच्या गावाचं नाव लावतो त्यो. मंग तू आळ्याची न्हाई तं काय बेल्ह्याची व्हय?" काय टाळ्या पडल्या म्हणता! कोणतीही दुसरी मुलगी असती, तर तिने तिथेच सोनाबाईंच्या पाया पडून घेतलं असतं, आणि माझ्यासारख्याने पडदा पाडून डोळे पुसले असते. पण रेखाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "व्हय आजी, फाटा आळ्याचा. पण मी फाट्याचीच! आळ्याला यायचं तर तुम्हाला माझ्याकडूनच वळावं लागतं!"

सोनाबाई आ वासून उभ्या राहिल्या आणि मग अशा हसल्या, की त्यांना धरून खाली बसवावं लागलं. मोठ्या बाईही हसत होत्या; रुमाल होता, पण तो त्यांनी तोंडावर धरला होता, डोळ्यांवर नाही. नंतर त्यांनी तात्यांना गाठलं. "तात्या, तुम्ही मधे आलातच." तात्या ओशाळले. "बाई, ह्या आपल्या गावात बोललेल्या रेड्याची समाधी हाय. मुक्या जनावरानं येद म्हनला त्याला आपुन नारळ फोडतो. मानसाची पोर आपल्या तोंडानं आपलं गाव बोलली, तं त्यात काय वंगाळ?" बाईंनी रुमालाची घडी घातली. मग म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी येताना जरा लवकर या." त्या दिवशी, एवढं नक्की सांगतो, कोणी केळी वाटली नाहीत. भजी होती.

मे महिन्यात रेखा गेली. पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली, तेव्हा छबीने हट्टाने आकड्याच्या पुढे खडूने लिहिलं, 'फाटा'. 'चौदा फाटा.' पुढे दोन-तीन वर्षं पत्रं आली, मग विरळ झाली. तरुण माणसांची पत्रं विरळ झाली की समजावं, त्यांना कामं लागली. कलेने माणसाचं आयुष्य बदलतं वगैरे मोठी वाक्यं मी माइकवरून पुष्कळदा फेकली आहेत. आता फेकत नाही. कला पोटाला भाकरी देत नाही, पटावरून गेलेलं नाव परत लिहीत नाही, 'आलेच' म्हणून गेलेल्या माणसाला परत आणत नाही. ती फार तर दोन ओळींच्या मधे श्वास घेण्याएवढी जागा करून देते. पण त्या जागेशिवाय पुढची ओळ कोणाला म्हणता आली आहे?

अलीकडचीच गोष्ट. सकाळचे दहा, फाटा तोच, आता रस्ता रुंद आणि ट्रक अधिक लांब. तात्या थकलेत, चाकं खोलायचं काम त्यांचा पुतण्या करतो, पण घमेल्यापाशी बसायचा हक्क त्यांनी सोडलेला नाही. मी स्टुलावर बसून त्या परिचित वासात नाक बुडवलं होतं. तात्या ट्यूब पाण्यात फिरवत होते, बुडबुडे अजून सापडायचे होते. तेवढ्यात नाशिकची एसटी धुरळा उडवत स्टँडकडे वळताना दुकानासमोर मंदावली. दारात खाकी साडी नेसलेली, खांद्याला चामड्याची पिशवी लावलेली कंडक्टरबाई उभी होती. एक हात दांडीला, दुसरा कानावर आलेली बट मागे सारणारा. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. ती आत वळून, माइकची गरज नसलेल्या आवाजात, सराईतपणे ओरडत होती, "आळेफाटाऽऽ! फाट्याचं कोणी आहे का?"

तात्यांनी मान वर केली नाही. ट्यूब हातात होती, बोटं पाण्यात होती. सवयीने, निव्वळ सवयीने, त्यांचा ओला हात कानाशी गेला. "हाय का जी, जी रं जी!"

दारातली बाई गर्रकन वळली. क्षणभर तिने दुकानाकडे पाहिलं. मग तिने घंटीची दोरी अशी ओढली, की ड्रायव्हर दचकला. "आहेत!" ती ओरडली. "थांबवा, फाट्याचे आहेत!" आणि पाण्यात बुडबुड्यांची माळ वर आली.